क्लब, शेजारी आणि रात्रीचे अकरा

क्लबच्या दारूच्या परवान्याविरुद्ध शेजाऱ्यांनी तक्रार केली, असं ऐकलं की आपल्याला वाटतं, पिणारे आणि न पिणारे यांचं भांडण असणार. इंग्लंडमधल्या नगरपालिकांच्या परवाना समित्यांपुढे अशी प्रकरणं सतत येत असतात आणि त्यांत दारूचा विषय फार थोडा वेळ टिकतो. तक्रार असते ती रात्री साडेअकराला रिकाम्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात ओतल्याची. उकडतंय म्हणून हॉलचा मागचा दरवाजा उघडा ठेवल्याची आणि त्यातून नुसता ठेका गल्लीभर घुमल्याची. निरोप घेता घेता अर्धा तास फुटपाथवर रेंगाळणाऱ्या मंडळींची, टॅक्सीच्या दारांची, धूर सोडत मोठ्याने हसणाऱ्यांची. तक्रार करणाऱ्यांपैकी काहींचे वडील त्याच क्लबचे सभासद असतात. एखाद्याच्या लग्नाची पार्टीही त्याच हॉलमध्ये झालेली असते.

हा वाद सोडवण्याची तिथली पद्धत आपण नीट पाहावी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे दारूचा प्रश्न निघाला की पहिल्यांदा नीती-अनीती निघते आणि मग चर्चा दोनच टोकांना जाते, दुकान चालू किंवा दुकान बंद. इंग्लंडच्या कायद्याने माणसाने प्यावं की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला. या जागी, या वेळी, कोणत्या अटींवर, एवढंच तो विचारतो.

आधी क्लब म्हणजे काय ते पाहू, कारण कायद्याच्या नजरेत क्लब आणि पब या वेगळ्या गोष्टी आहेत. हेन्री सॉली नावाच्या धर्मोपदेशकाने १८६२ मध्ये कामगारांच्या क्लबांची एक मध्यवर्ती संघटना उभी केली. दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी गुत्त्याऐवजी दुसरीकडे बसता यावं, वर्तमानपत्र वाचावं, व्याख्यान ऐकावं, पत्ते खेळावेत, हा हेतू होता. सुरुवातीला या क्लबांत दारू नव्हतीच. पण सभासदांना बिअर हवी होती आणि बिअरशिवाय क्लबचा खर्च भागेना. काही वर्षांतच ती आत आली आणि पुढे क्लबच्या उत्पन्नाचा मोठा भाग बारवर अवलंबून राहिला. आजच्या वादांचं मूळ या पैशाच्या गणितात आहे, ते पुढे येईलच.

कायद्याचा मुद्दा १८८२ च्या ‘ग्राफ विरुद्ध इव्हान्स’ या खटल्यात स्पष्ट झाला. लंडनच्या ग्रॉव्हनर क्लबच्या एका सभासदाने क्लबमधून व्हिस्कीची एक बाटली आणि पेल एलची एक बाटली पैसे देऊन घेतली व घरी नेली. परवान्याशिवाय किरकोळ विक्री केली म्हणून क्लबच्या व्यवस्थापकावर खटला झाला. न्यायालयाने म्हटलं, ही विक्री नव्हेच. क्लबचा साठा सगळ्या सभासदांच्या मालकीचा. सभासद पैसे देतो तेव्हा तो दुसऱ्याचा माल विकत घेत नाही, सामाईक मालकीतला आपला वाटा उचलतो आणि बाकीच्यांच्या वाट्याची भरपाई करतो. हा विचार आपल्याकडेही आला. सभासदांना पुरवलेल्या खाण्यापिण्यावर विक्रीकर लागतो का, या प्रश्नावर कलकत्ता क्लबच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिला, तोही याच तत्त्वावर. क्लब आणि सभासद वेगळे नाहीत, तर विक्री कुणी कुणाला केली?

त्यामुळे इंग्लंडमध्ये आजही सभासदांच्या क्लबला पबसारखा परवाना घ्यावा लागत नाही. त्याला २००३ च्या परवाना कायद्याखाली वेगळं क्लब प्रमाणपत्र मिळतं. त्याच्या अटी क्लब खरोखर क्लब आहे की नाही, हे तपासणाऱ्या आहेत. किमान २५ सभासद हवेत. अर्ज केल्यापासून निदान दोन दिवस गेल्याशिवाय कुणाला सभासदाचे हक्क मिळता कामा नयेत, म्हणजे दारात पाच पौंड टाकून ‘झालो सभासद’ असं चालणार नाही. दारूच्या खरेदीवर कुणा एकाला दलाली मिळता कामा नये. या बदल्यात क्लबला सवलती आहेत. पबला दारूविक्रीची जबाबदारी घेणारी एक नोंदलेली व्यक्ती नेमावी लागते, क्लबला लागत नाही. पोलिसांनाही क्लबमध्ये शिरण्याचे अधिकार पबपेक्षा कमी आहेत. घर आणि दुकान यांच्या मधली जागा म्हणून कायदा क्लबकडे पाहतो.

आता शेजाऱ्याच्या बाजूने पाहा. क्लब पन्नास-साठ वर्षं गल्लीत आहे, त्याचा त्रास कधी झाला नाही, मग अलीकडेच का व्हावा? याला दोन कारणं आहेत. पहिलं पैशाचं. कारखाने आणि खाणी बंद झाल्या, जुने सभासद थकले, नवे फारसे आले नाहीत. क्लबची इमारत मोठी, छत गळकं, आणि बारवर शनिवारी चार टाळकी. मग समिती हॉल भाड्याने द्यायला लागते. वाढदिवस, लग्न, डीजे. हॉलमध्ये येणारी माणसं सभासद नसतात, ती एका रात्रीपुरती येतात. शेजारी कोण आहेत, पलीकडच्या घरात तान्हं मूल आहे का, याची त्यांना कल्पना नसते. सभासद असलेल्या एखाद्या जिमीला घरी जाताना गप्प राहायला सांगता येत होतं, शंभर पाहुण्यांना कोण सांगणार?

दुसरं कारण सिगारेटचं. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपानाला बंदी आली. सरकारच्या मूळ प्रस्तावात खासगी क्लबांना सूट होती, पण फेब्रुवारी २००६ मध्ये खासदारांनी ती नाकारली आणि क्लबही बंदीत आले. आरोग्यासाठी निर्णय उत्तमच होता. पण तोवर जी मंडळी आत बसून धूर काढत होती ती दर अर्ध्या तासाने दाराबाहेर, अंगणात, शेजाऱ्याच्या खिडकीखाली यायला लागली. भिंतीआड असलेला आवाज उघड्यावर आला. जुन्या परवान्यांच्या अटी लिहिल्या तेव्हा हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

नवा परवाना किंवा मोठा बदल हवा असेल तर इंग्लंडमध्ये क्लबला आपल्याच दारावर फिकट निळ्या कागदाची नोटीस लावावी लागते. अक्षर किती मोठं हवं तेही ठरलेलं आहे, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता आलं पाहिजे. ती २८ दिवस तिथे राहते आणि स्थानिक वर्तमानपत्रातही जाहिरात द्यावी लागते. त्या मुदतीत कुणीही लेखी म्हणणं मांडू शकतं. पूर्वी ‘परिसरात राहणारा’ असणं आवश्यक होतं, २०१२ पासून ती मर्यादा गेली. एकही हरकत आली नाही तर अर्ज मंजूर होतो, नगरपालिकेला आपल्या मनाने अडवता येत नाही. हरकत आली आणि दोन्ही बाजूंत समझोता झाला नाही, की तीन नगरसेवकांच्या उपसमितीपुढे सुनावणी होते. निर्णय न पटल्यास २१ दिवसांत दंडाधिकाऱ्यांकडे अपील.

मात्र हरकत कशावर घ्यायची, हे मोकळं सोडलेलं नाही. कायद्याने चार उद्दिष्टं ठरवली आहेत: गुन्हे व अव्यवस्था रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव रोखणं आणि मुलांचं संरक्षण. यांपैकी एकात बसणारं म्हणणं ऐकलं जातं, बाकीचं बाजूला पडतं. ‘आमच्या घराची किंमत उतरेल’ हे चालत नाही. ‘दारू वाईट’ हे चालत नाही. ‘गावात आधीच पाच बार आहेत, सहावा कशाला’ हेही एवढ्यावर चालत नाही. शेजाऱ्याच्या कामाचं उद्दिष्ट बहुधा तिसरं, उपद्रवाचं. सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की हा उपद्रव शहरभर पसरलेला असायला हवा असं नाही. जवळपासच्या थोड्याच लोकांना होणारा, कमी तीव्रतेचा त्रासही त्यात येऊ शकतो. हे वाक्य नसतं तर कोपऱ्यावरच्या तीन घरांना दारच उघडलं नसतं.

मग येतो पुरावा. इथे दोन निकाल एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. दोन्ही पबांचे आहेत, क्लबांचे नाहीत, पण त्यांतलं तत्त्व क्लबच्या सुनावणीतही तेवढंच लागू पडतं.

पहिला लिव्हरपूलजवळच्या विरल भागातला. सॉगल मॅसी या गावातल्या सॉगल हॉटेलने २००५ मध्ये नव्या कायद्याखाली उशिरापर्यंतची वेळ मागितली. नगरपालिकेने ती दिली. गावातली परिसर-जतन संस्था आणि रहिवासी अपिलात गेले आणि दंडाधिकाऱ्यांनी वेळ कमी केली. इतर ठिकाणी बार बंद झाले की लोक इकडे लोटतील आणि गोंधळ होईल, अशी त्यांना भीती वाटली. ती भीती खोटी म्हणता येणार नाही, गावात राहणाऱ्या कुणालाही वाटेल अशीच ती आहे. पण तोवर हॉटेल काही महिने वाढीव वेळेत चाललेलं होतं आणि त्या काळात गोंधळ झाल्याचं कागदावर काही नव्हतं. पोलिसांनीही आपला विरोध मागे घेतला होता. २००८ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती ब्लॅक यांनी दंडाधिकाऱ्यांचा निर्णय रद्द केला. समोर प्रत्यक्ष घडलेलं असताना अंदाजावर निर्णय देता येत नाही, हा त्याचा गाभा. ‘थ्वेट्स’ या नावाने हा निकाल ओळखला जातो आणि इंग्लंडमधल्या क्लब-पबांचे वकील आजही प्रत्येक सुनावणीत तो काढतात.

दुसरा लंडनच्या सोहो भागातला. बर्विक स्ट्रीटवरच्या ‘एन्ड्युरन्स’ या पबची गिऱ्हाइकं संध्याकाळी ग्लास घेऊन बाहेर उभी राहत. त्रास होता तो बाहेरच्या माणसांच्या आवाजाचा. पण शंभर माणसं एकदम बोलायला लागली की वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना आपल्याच घरात टीव्ही ऐकू येत नाही, हे चाळीत राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वेस्टमिन्स्टर नगरपालिकेने परवान्याचा फेरविचार केला आणि अट घातली: संध्याकाळी सहानंतर उघड्या ग्लासातलं पेय बाहेर नेऊ द्यायचं नाही. पब चालू, दारू चालू, रात्रीची वेळही तीच, फक्त ग्लास दाराच्या आत. मालक अपिलात गेले. तिथे साक्षीपुरावे झाले, रहिवासी बोलले, मालकाची बाजूही ऐकली गेली आणि अट कायम राहिली. प्रकरण अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०११ मध्ये न्यायमूर्ती टूल्सन यांनी निकाल दिला. त्यांचं म्हणणं असं की परवान्याचे निर्णय हे होय-नाहीचे प्रश्न नसतात, तोलून-मापून ठरवायचे असतात. त्या जागेची मागणी, मालकाचा आणि परिसराचा फायदा, कायदा-सुव्यवस्था, आसपास राहणाऱ्यांचं जगणं, हे सगळं तोलायचं असतं आणि ते काम स्थानिक प्रतिनिधींचं. त्यांनी तोललेलं चुकलं आहे असं दिसल्याशिवाय अपिलात ते उलटवू नये.

हे दोन निकाल वरवर उलट दिसतात, एकात रहिवासी हरले, दुसऱ्यात जिंकले. माझ्या मते ते एकच सांगतात. सॉगल मॅसीच्या लोकांकडे भीती होती, सोहोच्या लोकांकडे प्रत्यक्ष झालेल्या त्रासाचा पुरावा होता. म्हणूनच तिथले जाणकार शेजाऱ्याला पहिला सल्ला देतात तो डायरी ठेवण्याचा. ‘नेहमीच त्रास होतो’ असं लिहून उपयोग नाही. तारीख, वेळ, आवाज कशाचा, कोणत्या बाजूने, किती मिनिटं, आपल्या कोणत्या खोलीत ऐकू आला, खिडकी उघडी होती की बंद. ‘शनिवार, ११.४०, मागचा दरवाजा उघडा, नुसता बास, मुलाच्या खोलीत खिडकी बंद असताना, २५ मिनिटं.’ अशा पंधरा ओळी समितीपुढे गेल्या की चर्चा तक्रारीवरून दरवाजावर येते. दरवाजावर अट घालता येते, वैतागावर घालता येत नाही.

या अटी लिहिणं ही एक कलाच आहे. चांगली अट वाचली की क्लबच्या बारमागे उभ्या असलेल्या पोराला कळतं, आपण नेमकं काय करायचं. संगीत चालू असताना दारं-खिडक्या बंद, ये-जा सोडून. रात्री दहानंतर अंगणात पेय न्यायचं नाही. रात्री अकरा ते सकाळी आठ बाटल्या डब्यात ओतायच्या नाहीत. आवाज ठराविक पातळीवर गेला की वीज तोडणारं किंवा आवाज दाबणारं यंत्र बसवायचं आणि त्याची पातळी पर्यावरण आरोग्य अधिकाऱ्याने ठरवायची. कार्यक्रम चालू असताना उचलला जाईल असा फोन नंबर शेजाऱ्यांना द्यायचा. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. निम्मे वाद तक्रारीपर्यंत जातातच का, तर त्या क्षणी फोन उचलणारं कुणी नसतं म्हणून.

याउलट ‘शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची काळजी घ्यावी’ ही अट वाचायला गोड, पाळायला अशक्य. ‘आवाज ऐकू येता कामा नये’ ही अट कडक वाटते, पण तीही फसते. २०११ मध्ये ईस्ट हॅम्पशायरच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने याच धर्तीची अट संदिग्ध म्हणून टिकू दिली नाही. कुठे ऐकू येता कामा नये? कोणत्या घरात, घराच्या आत की बाहेर? अट मोडणं हा गुन्हा आहे, त्यामुळे ती कधी मोडली जाते हे आधी कळलंच पाहिजे. शेजाऱ्यांनी सर्वात कडक शब्दांचा आग्रह धरावा आणि तेच शब्द पुढे कोर्टात निकामी ठरावेत, हे अनेकदा घडतं. मला त्या रहिवाशांबद्दल वाईट वाटतं, लढाई जिंकून हातात काही नाही.

परवाना मिळाल्यानंतरही दार बंद होत नाही. अटी मोडल्या जात असतील, किंवा परिस्थिती बदलली असेल, तर कुणीही फेरविचार मागू शकतो. समिती अटी बदलू शकते, एखादा उपक्रम काढून टाकू शकते, तीन महिन्यांपर्यंत प्रमाणपत्र स्थगित करू शकते, अगदी टोकाला ते काढूनही घेऊ शकते. शेजाऱ्याच्या हातातलं खरं हत्यार हेच. ते आहे हे क्लबला माहीत असतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी समितीचे लोक आणि शेजारी चहाच्या टेबलावरच मिटवून टाकतात.

तरी व्यवस्थेत भोकं आहेत. क्लबने हॉल बाहेरच्यांना एका रात्रीसाठी द्यायचा तर तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना देता येते. एका वेळी ४९९ माणसांपर्यंत, वर्षातून ठरावीक वेळा. लंडन किंवा बर्मिंगहॅमला हॉल भाड्याने घेऊन पार्टी करणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनाही, पाहुण्यांना दारू विकायची असेल आणि हॉलच्या परवान्यात ते बसत नसेल, तर हाच मार्ग लागतो. या सूचनेवर हरकत घेण्याचा हक्क पोलिसांना आणि पर्यावरण आरोग्य अधिकाऱ्याला आहे, शेजाऱ्याला नाही. शिवाय २०१२ च्या लाइव्ह म्युझिक कायद्याने छोट्या ठिकाणच्या, रात्री अकरापूर्वीच्या संगीताला परवान्यातून मोकळं केलं. संगीताविषयीच्या जुन्या अटी त्या वेळेपुरत्या लागू राहत नाहीत, फेरविचारात त्या पुन्हा घातल्या तरच जिवंत होतात. छोट्या कलाकारांसाठी हा कायदा चांगला आहे. पण शेजाऱ्याने तो न वाचता जुन्या अटीच्या जोरावर तक्रार केली, तर त्याच्या हाती काही लागत नाही.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात मूळ कायदा १९४९ चा दारूबंदीचाच. बंदीचा कायदा, आणि त्यातून सूट म्हणून परवाने. ज्याला आपण सहज परमिट रूम म्हणतो त्याचा परवाना वेगळा, क्लबचा वेगळा, तो एफएल-४. राज्य उत्पादन शुल्क खातं तो देतं. शाळा आणि देवळापासूनचं अंतर, पिणाऱ्याचं वय, साठ्याच्या नोंदवह्या, महसूल, या सगळ्याचे नियम बारकाईने लिहिलेले आहेत. क्लबच्या मागच्या दरवाजाबद्दल, बाटल्या कधी ओतायच्या याबद्दल, शेजाऱ्याचं म्हणणं ऐकून जागेनुसार ठरवलेली अट मात्र या पद्धतीत सहसा येत नाही.

लोकांच्या हातात आपण एक मोठी गोष्ट दिली, ती मतदानाची. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. ठरावीक प्रमाणात मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. या लढाया ज्या बायकांनी लढल्या त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. त्यांचं भांडण आवाजाशी नव्हतं. पगाराच्या दिवशी रिकाम्या खिशाने घरी येणाऱ्या नवऱ्याशी, मारहाणीशी होतं, आणि तिथे ‘रात्री दहानंतर खिडकी लावा’ हे उत्तर होऊच शकत नाही. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात बिअर किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. तेही योग्यच. पण दोन्हींचा सांगाडा एकच आहे, हो किंवा नाही. ज्याला क्लब बंद करायचा नाही, फक्त झोपायचं आहे, त्याच्यासाठी मधली पायरी नाही.

ती सध्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत शोधावी लागते. २००० च्या केंद्रीय नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. दहानंतर ध्वनिवर्धक बंदिस्त सभागृहातच. खासगी जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढू नये. गोव्यात हणजुण आणि वागातोरच्या रात्रीच्या संगीताविरुद्ध रहिवासी उच्च न्यायालयात गेले, ते याच नियमांचा आधार घेऊन. पण हा मार्ग पोलिसांचा. मीटर घेऊन कुणीतरी यावं लागतं, तेही आवाज चालू असेपर्यंत. आणि आवाज मोजून दंड झाला तरी परवान्याच्या कागदावर त्याची एकही ओळ उमटत नाही, कारण परवान्याचं खातं वेगळं आणि आवाजाचं वेगळं.

आपले परवाने एप्रिल ते मार्च असे वर्षाचे असतात आणि दरवर्षी नूतनीकरणाला येतात. इंग्लंडमध्ये प्रमाणपत्र मुदतीशिवाय चालतं, तिथे शेजाऱ्याला फेरविचार मागावा लागतो. आपल्याकडे ती संधी दर मार्चला आपोआप येते, आणि शुल्क भरून निघून जाते. क्लबच्या फाटकावर महिनाभर एक नोटीस लावावी, परिसरातल्या लोकांच्या तारीख-वेळेच्या नोंदी उत्पादन शुल्क अधीक्षकांनी मागवाव्यात, पोलिसांकडच्या आवाजाच्या तक्रारी त्याच फाइलला जोडाव्यात, दोन्ही बाजूंना एका दुपारी समोरासमोर बसवावं आणि पुढच्या वर्षाच्या परवान्यावर दरवाजा, अंगण, बाटल्या आणि फोन नंबर यांबद्दलच्या चार ओळी लिहाव्यात. परवाने येत्या मार्चमध्ये पुन्हा टेबलावर येणारच आहेत.